‘ओसरी’ला पडलेली खिडकी

तुरुंगात रोज पेपर जातो हे ऐकलं की बाहेरच्या माणसाला हसू येतं. आत बसलेल्याला जगाशी काय घेणंदेणं, असं त्याला वाटतं. मी तुरुंगात मास्तर होतो. गावच्या पारावर पेपर जितका वाचला जात नसेल तितका बराकीत वाचला जातो, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. निविदा, शोकसंदेश, हरवलेल्या म्हशीची जाहिरात, सगळं. बाहेरचा माणूस चहाबरोबर पेपर चाळून टाकतो, आतला माणूस तोच पेपर संध्याकाळपर्यंत पुरवतो.

माझं गाव बेंबळी. जिल्हा परिषदेच्या शाळेत नंबर लागला नाही, म्हणून कारागृह खात्यात शिक्षक झालो. माझं लग्न जमवताना मामा ‘मुलगा सरकारी शिक्षक आहे’ एवढंच सांगायचे. कुठल्या शाळेत, ते मुलीकडच्यांनी विचारायचं आणि मामांनी पान लावत बसायचं. ज्या तुरुंगाची ही हकिकत आहे त्याचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. निवृत्त माणसाला पेन्शन प्यारी असते.

बाहेरच्यांसाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी. पेपर बराकीत जाण्याआधी ऑफिसात तपासला जातो. आतल्या कुणाच्या खटल्याची बातमी, दुसऱ्या तुरुंगातली मारामारी, पळून गेलेला कैदी, असं काही छापून आलं असेल तर तेवढा चौकोन कात्रीनं कापून फायलीला लावायचा आणि उरलेला पेपर आत पाठवायचा. आमच्याकडं साहेब रेघ मारून द्यायचे आणि कापायचं काम ढवळे कारकुनाचं होतं. ढवळ्यांचा हात फार सुबक. इतक्या वर्षांत त्यांची कात्री कधी रेघेबाहेर गेली नाही. कापलेल्या जागेला कैदी ‘खिडकी’ म्हणायचे. खिडकी दिसली की सगळी बराक तिच्यातून बघायला लागायची. छापलेल्या मजकुरापेक्षा न दिसणाऱ्या मजकुरावर जास्त बोललं जायचं, आणि त्यात चांगलं असं कधी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

या खिडक्यांना कंटाळून मी ‘ओसरी’ काढली. आठवड्याचा चार पानी अंक, हातानं लिहिलेला, ऑफिसच्या मशीनवर झेरॉक्स केलेला. कुठल्या तालुक्यात पाऊस झाला, सोयाबीनला काय भाव निघाला, जामीन म्हणजे काय आणि हमीदार कोण होऊ शकतो, कोर्टात तारीख पुढं का जाते, असा मजकूर असायचा. पहिला अंक मी मोठ्या हौसेनं वाटला आणि संध्याकाळी बघितलं तर त्यानं थाळ्या पुसलेल्या होत्या. राग आला. पण थाळ्या पुसायला का होईना, कागद सगळ्यांनी घेतला होता.

अंकाला वजन आलं ते माणिकमुळं. माणिक येरमाळ्याच्या बाजूचा, बांधावरच्या मारामारीच्या गुन्ह्यात धाकटा भाऊ बालाजी याच्यासह आत आलेला. खटला सुरू व्हायचा होता, म्हणजे आमच्या भाषेत कच्चा कैदी. येडेश्वरीच्या यात्रेची बातमी मी एका पेपरातून उतरवून घेतली होती, पालखी सकाळीच चुन्याच्या रानात पोचली म्हणून. माणिक अंक घेऊन वर्गात आला आणि तुम्ही गेला होता का, असं त्यानं मला विचारलं. नाही म्हणालो. मग कुणी पाहिलं, म्हणाला. पेपरात आलंय, असं मी सांगितलं. पुढच्या आठवड्यात यात्रेहून आलेला एक नवा कैदी दाखल झाला आणि पालखीला दुपार झाली होती असं त्यानं सांगितलं. मग मात्र माणिकनं मला सोडलं नाही.

“गुरुजी, भायेर काय बी छापतेत. हितं तरी ज्यानं पाहिलं त्याचं नाव लिवा. म्हंजे खोटं निघालं तर त्याला धरता येईल.”

मारामारीतल्या आरोपीनं मला पत्रकारिता शिकवावी, याचा मला आधी रागच आला. पण त्या आठवड्यापासून प्रत्येक बातमीच्या खाली एक ओळ यायला लागली, ‘पाहणारा’ आणि पुढं नाव. कुणी पाहिलेलं नसेल तर बातमी नाही. तारखेवरून कोर्टातून परत येणारे कैदी आमचे बातमीदार झाले. त्यांत एक खिसेकापू होता. पोलीस गाडीच्या जाळीतून बसस्टँड दिसायचं तेवढ्या वेळात कुठली टपरी हलली, कुठं नवा पंखा बसला, सगळं तो टिपून यायचा. त्याची बातमी कधी खोटी निघाली नाही. नजर धंद्यात तयार झालेली होती.

अंक आला की गफूरचाचा तो मोठ्यानं वाचायचे. परंड्याचे हे म्हातारे सोनारीच्या यात्रेत वर्षानुवर्षं खेळण्यांचं दुकान लावायचे, त्यामुळं आवाज खणखणीत. ज्यांना वाचता येत नव्हतं ते भोवती बसायचे. बातमी संपली की चाचा थांबायचे, सगळ्यांकडं बघायचे आणि मग ‘पाहणारा’ म्हणून नाव घ्यायचे. ज्याचं नाव यायचं तो माणूस त्या दिवशी जरा ताठ बसायचा.

आता त्या दिवसाचं सांगतो. आदल्या संध्याकाळी माणिक बराकीत कोसळला होता. पोटाला धरून गडाबडा लोळत होता, आणि त्याला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा पेपर आत गेला. जिल्ह्याच्या पानावर खाली, कोपऱ्यात, एक खिडकी होती.

दुपारी तीनला बराकी उघडतात, चहा होतो, आणि दिवस मावळायच्या आत मोजणी करून सगळ्यांना पुन्हा आत घेऊन कुलूप लावतात. त्या दिवशी चहाला कुणी हात लावला नाही. सगळे अंगणात उतरले आणि बसून राहिले. बालाजी मधोमध उभा होता. त्याच्या हातात पत्र्याचा तुकडा होता आणि तो त्यानं स्वतःच्या गळ्याला लावलेला होता. दुसऱ्या हातात पेपरचं ते पान. बराकीवरचे मोठे हवालदार दोन पावलं पुढं गेले तर पत्रा आणखी रुतला आणि रक्ताची बारीक रेघ आली. हवालदार मागं सरले.

“माजा दादा मेलाय. छापून आलंय, म्हणूनच कापलंय. तुमी त्याला मारलाव. दावा मला काय कापलंय ते.”

मी ऑफिसात धावलो. साहेब, म्हणजे आमचे अधीक्षक, फोनवर जादा पोलीस मागवत होते. माणूस वाईट नव्हता, पण त्याला गडबडीपेक्षा गडबडीच्या चौकशीची जास्त भीती. फोन ठेवून ते म्हणाले, मोजणीच्या वेळेपर्यंत आत गेले नाहीत तर मला लाठी चालवावी लागेल, मग तो पोरगा पत्रा ओढो की काही करो. तुम्ही तुमच्या ‘ओसरी’चा एक कागद काढा, माणिकची प्रकृती उत्तम आहे, अफवांवर विश्वास ठेवू नये, असं लिहा.

“पाहिलं कुणी?” मी विचारलं.

साहेब माझ्यावर खेकसले. ही वेळ आहे का असले प्रश्न विचारायची, म्हणाले. मी म्हणालो, साहेब, आत पहिला प्रश्न हाच येणार आहे.

मग मी दुसरं विचारलं, आज कापलं काय? साहेबांनी फाइल उघडली. त्या दिवशीचं काहीच लावलेलं नव्हतं. साहेबांनी सकाळी कापायला काही दिलंच नव्हतं. ढवळ्यांना बोलावलं. ढवळे दारात येऊन उभे राहिले आणि त्यांचा चेहरा बघूनच माझ्या लक्षात आलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी न घातलेला एक चौकोन काढला आणि टेबलावर ठेवला. कुपन होतं. रोज एक कुपन चिकटवा आणि सोडतीत मिक्सर जिंका, त्यातलं. ढवळेवहिनी ती जमवत होत्या. रोज ते ऑफिसच्या पेपरातलं कापायचे, आज ऑफिसच्या पेपरवर चहा सांडला म्हणून आत जाणाऱ्या पेपरातलं कापलं होतं.

मला हसावं की रडावं कळेना. मिक्सरच्या एका कुपनापायी बाहेर एक पोरगा गळ्याला पत्रा लावून उभा होता. साहेबांनी ढवळ्यांना तोंडाला येईल ते सुनावलं, आणि मग कुपन ड्रॉवरमध्ये टाकायला लागले. हे आत कळलं तर ऑफिसची काय इभ्रत राहील, असं त्यांचं म्हणणं पडलं. स्टँडवरून त्याच पेपरचा अख्खा अंक आणा आणि दाखवा, म्हणाले. मी सांगितलं, तो दुसऱ्या आवृत्तीचा आहे म्हणतील. खिडकी ह्या पेपरला आहे, झाकण पण ह्याचंच लागेल. इभ्रतीचं आपण उद्या बघू. साहेबांनी हातातलं कुपन माझ्यापुढं सरकवलं.

पण कुपनानं निम्मंच काम होणार होतं. माणिकला कुणीतरी बघायला हवं होतं. मी साहेबांची जीप घेऊन दवाखाना गाठला. वॉर्डात गेलो तर खाट रिकामी. गादी उलटी केलेली. सिस्टरनं रजिस्टर बघून सांगितलं की त्याला सकाळीच सोलापूरला पाठवलंय, आतडं फाटलंय. सोबत गेलेल्या पोलिसाला फोन लावला. पाच-सहा वेळा वाजून गेला. शेवटी उचलला आणि ‘आत घेतलंय, ऑपरेशन चालूय’ एवढं बोलून त्यानं ठेवला. पुन्हा लावला तर बंद.

परत येताना जीपमध्ये एकच विचार होता. सोलापूरला जाऊन यायला वेळ नव्हता, ऊन कलायला लागलं होतं. पाहिलं म्हणून सांगितलं तर बहुतेक सगळे आत जातील. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य खरं असण्याची शक्यताही होती. गेटाबाहेर जादा पोलीस उतरले होते, काठ्या घेऊन. साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि शांतपणे सांगितलं, “गुरुजी, पाहिलं म्हणा. उद्या काय व्हायचं ते होईल.”

खरं सांगतो, जीभ तयार झाली होती. मग वाटलं, उद्या माणिक गेला तर? ‘पाहणारा’ म्हणून माझं नाव, आणि ज्यानं ही ओळ माझ्याकडून लिहून घेतली त्याच्याच मरणावर ते खोटं ठरणार. मी टेबलाशी बसलो आणि अर्ध्या पानाचा अंक लिहिला. झेरॉक्सला वेळ नव्हता, एकच प्रत. ती आणि कुपन घेऊन लहान दरवाजातून आत गेलो.

भिंतीची सावली निम्म्या अंगणावर आली होती. मी कागद गफूरचाचांकडं दिला. चाचांनी चष्मा लावला आणि नेहमीच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. आजच्या पेपरला पडलेली खिडकी बातमीची नाही. तिथं मिक्सरच्या सोडतीचं कुपन होतं. ते ढवळे कारकुनांनी घरी न्यायला कापलं. पाहणारा, गुरुजी.

मागून कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. बालाजी हलला नाही. चाचा त्याच्याजवळ गेले. त्याच्या हातातलं पान त्यांनी हळूच आपल्या हातात घेतलं, जमिनीवर पसरलं आणि कुपन खिडकीत ठेवलं. काठाला काठ जुळला. पुढं बसलेले वाकून बघायला लागले, एकानं बोट फिरवून बघितलं. पण बालाजीचा पत्रा गळ्यावरच होता.

“मंग दादा कुठंय?”

चाचांनी पुढचं वाचलं. माणिकला सोलापूरला नेलं आहे. आतडं फाटलं म्हणून ऑपरेशन चालू आहे असं सोबतच्या पोलिसानं फोनवर सांगितलं. गुरुजी इथल्या दवाखान्यात गेले होते, तिथं खाट रिकामी होती. चाचा नेहमीसारखे थांबले. मग त्यांनी वाचलं, “पाहणारा, कोणी नाही.”

त्यानंतर जे काही सेकंद गेले ते मला अजून पुसता आलेले नाहीत. कोणी नाही, असं ‘ओसरी’त कधी आलं नव्हतं. मागचे काही जण उठून उभे राहिले. हवालदारांचा हात शिट्टीकडं गेला. बालाजी माझ्याकडं बघत होता.

“तुमी पाहिलं न्हाय?”

“नाही पाहिलं,” मी म्हणालो. “जिवंत आहे असं मी सांगू शकत नाही, आणि मेला असंही नाही.”

चाचा त्याच्या अगदी समोर उभे राहिले. “बाळ्या, जरा अक्कल चालव. खोटंच सांगायचं असतं तर ह्यानी पाहिलं म्हणलं नसतं का? पाहिलं म्हणायला काय पैसे पडतेत?”

पोरानं पत्रा खाली केला. टाकला नाही, नुसता खाली केला. मग कोण पाहणार, त्यानं विचारलं. मी सांगितलं, उद्या सकाळी मी सोलापूरला जातो. बरं असेल, वाईट असेल, जे पाहीन ते आधी तुला सांगेन, मग साहेबांना. हे साहेब दरवाजात उभे राहून ऐकत होते, पण त्यांनी मला अडवलं नाही. बालाजीनं पत्रा चाचांच्या हातात दिला आणि खाली बसून रडायला लागला. मोजणी झाली. कुणावर काठी उगारावी लागली नाही.

सकाळच्या पहिल्या गाडीनं सोलापूरला गेलो. माणिक होता. नाकात नळी, पोटावर पट्ट्या, पायाला बेडी आणि बेडीशेजारी पेंगणारा पोलीस. मला बघून त्याचा आधी विश्वास बसेना. मी बालाजीचं सगळं सांगितलं. तो थांबत थांबत बोलला.

“म्या दोन दिस सांगत व्हतो गुरुजी, पोटात लई दुखतंय म्हणून. मोठे हवालदार म्हणले, तारीख जवळ आली की तुमची पोटं दुखतेत. हे लिवा. माज्या नावानं लिवा.”

त्याच्या पोटावरच्या पट्टीकडं बघत मी हो म्हणालो. परत आल्यावर आधी बालाजीला सांगितलं, जिवंत आहे, बोलला. त्यानं माझे पाय धरले. पाय धरून घ्यायला मला कधी आवडलं नाही, पण त्या दिवशी मी मागं सरलो नाही. मग त्या आठवड्याचा अंक लिहिला. पहिल्या पानावर दोन बातम्या. माणिक जिवंत आहे, पाहणारा गुरुजी. आणि खाली चौकटीत, माणिक दोन दिवस पोटदुखी सांगत होता, कुणी ऐकलं नाही, पाहणारा माणिक.

साहेबांनी अंक वाचला आणि चौकटीवर बोट ठेवलं. ही जाणार नाही. मी वाद घातला, आवाज चढवला, राजीनाम्याची भाषाही केली. सरकारी नोकर वर्षातून दोनदा ती करतोच. त्यांनी ऐकून घेतलं. प्रती निघालेल्या होत्या, आत सगळे अंकाची वाट बघत होते, आणि अंक अडवला तर पुन्हा तेच अंगण, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी ढवळ्यांना बोलावलं आणि एवढी चौकट प्रत्येक प्रतीतून कापा, म्हणून सांगितलं.

ढवळ्यांनी माझ्यासमोर बसून कापलं. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं. खिडक्यांना कंटाळून काढलेल्या अंकाला माझ्या डोळ्यांदेखत खिडकी पडत होती, आणि मला ते थांबवता येत नव्हतं. त्याची रुखरुख अजून आहे. ढवळ्यांनी गठ्ठा माझ्या हातात दिला. अंगणात पोचल्यावर मी पहिली प्रत उघडली आणि मग दिसलं. चौकटीचा मजकूर गेला होता, पण शेवटची ओळ जागेवर होती. प्रत्येक प्रतीत. इतक्या वर्षांत ज्यांची कात्री रेघेबाहेर गेली नव्हती, ते ढवळे सगळ्या प्रतींत एक ओळ चुकतील, हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही.

गफूरचाचांनी वाचायला घेतलं. माणिक जिवंत असल्याची बातमी झाली, माझं नाव झालं. मग चाचा खिडकीपाशी आले. त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. एखादी बातमी वाचायला लागतो तेवढा वेळ ते त्या भोकाकडं बघत राहिले. माणिक कोसळण्याआधीचे दोन दिवस तिथल्या प्रत्येकानं बघितलेले होते. मग चाचा म्हणाले, “पाहणारा, माणिक.”

अंगणात सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळली. मोठे हवालदार दरवाजाजवळ उभे होते. त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली. आता चिडणार असं मला वाटलं. ते दोन पावलं पुढं आले, घसा खाकरला आणि कुणाकडंच न बघता त्यांनी विचारलं, “आज कुणाचं काय दुखतंय का?”